कुंडीत डेलियाचे कंद : कधी लावायचे, पाणी किती, कोंब कधी?

गच्चीवरची | ८ सप्टेंबर

मंडळी, यंदा डेलियाचे कंद मागवलेत ऑनलाइन, थोडे मोठ्या फुलांचे आणि बाकी बुटके मिक्स रंगातले. कोथरूडला आमची वरची गच्ची आहे, सकाळपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत छान ऊन असतं, मग पाण्याच्या टाकीची सावली येते. आत्तापर्यंत डेलिया म्हणजे डिसेंबरात नर्सरीतून कळ्या आलेली कुंडी आणायची आणि मार्चात झाड वाळलं की माती दुसऱ्या कुंडीत ओतायची एवढंच, कंदापासून कधी केलेलं नाही. यूट्यूबवर बघून डोकं गरगरायला लागलंय, एक बाई म्हणते कोंब दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घालू नका, एक जण रात्रभर भिजत घालतोय, तिसरा मार्चमध्ये लावतोय. इथे पाऊस अजून गेलेला नाही.

तर आत्ता लावू का थांबू? कुंडी केवढी घ्यायची, माती कसली? आणि कंदाची वरची बाजू कुठली ते कसं कळतं, मला तर सगळे रताळ्यासारखे दिसतायत.

डोंबिवलीकर | ८ सप्टेंबर

फोटो नाही, फाऊल.

बाकी वाचतोय, आमच्याकडेही हा कार्यक्रम करायचाय.

माळीबुवा_सातारा | ८ सप्टेंबर

ताई, रताळ्यासारखे दिसतात पण रताळ्यासारखे वागत नाहीत, तिथंच लोक फसतात. रताळं किंवा बटाटा कुठूनही फुटतो. डेलियाचा कंद फक्त मानेपाशी फुटतो, म्हणजे जुन्या खोडाला जिथं चिकटलेला असतो त्या टोकाला. तिथं बारीक फुगवटे असतात, तेच डोळे. ती मान मोडलेली किंवा पिरगळलेली असेल तर खालचा कंद कितीही गलेलठ्ठ असू दे, त्याला मुळं येतील पण कोंब यायचा नाही. पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा मान बघायची. मोडक्या मानेचे निघाले तर फोटो काढून लगेच विकणाऱ्याला पाठवा, लावून महिनाभर वाट बघू नका.

सुरकुतलेला पण घट्ट असेल तर चालतो. दाबल्यावर मऊ लागला, वास आला तर पांढरा गर लागेपर्यंत ब्लेडने कापायचा, गंधक पावडर लावून एक-दोन दिवस सावलीत कोरडा होऊ द्यायचा.

आणि एकदम मोठ्या कुंडीत लावू नका. पसरट ट्रे किंवा ६ इंची कुंडी घ्या, जेमतेम ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात कंद आडवा ठेवायचा, मान जरा वर आणि उघडी. पाऊस लागणार नाही अशा जागी. पत्र्याखाली, खिडकीत, कुठंही. कोंब दोन-तीन इंच झाला आणि मुळं दिसली की मोठ्या कुंडीत. तोवर पाऊसही आवरतं घेतो.

गच्चीवरची | ९ सप्टेंबर

बुवा खूप आभार! फोटो डकवलेत वर. पण मग पाणी घालायचं की नाही? "जेमतेम ओलसर" म्हणजे किती?

जर्सीची_रेवा | ९ सप्टेंबर

हाय, मी न्यू जर्सीत डेलिया लावते, अंगणातही आणि कुंड्यांतही. ते "थेंबभर पाणी नको"वालं बहुतेक आमच्या इकडच्या व्हिडिओंतून आलंय. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर लावतात तेव्हा माती थंडगार असते, स्प्रिंगचा पाऊस चालू असतो, त्यामुळे मातीत मुळातच भरपूर ओल असते. मुळं नसलेला कंद ते पाणी पिऊ शकत नाही, तो त्यात नुसता बसून राहतो आणि कुजतो. म्हणून पाणी नको म्हणतात. मी मार्चअखेर बेसमेंटमध्ये ट्रेमध्ये सुरू करते, रोपं बाहेर जातात मेमधल्या मदर्स डेच्या आसपास, शेवटचं फ्रॉस्ट (दव गोठणं) होऊन गेल्यावर. ते मार्चमध्ये लावणारे बहुधा अशाच थंड भागातले असणार. तू पुण्यात मार्चमध्ये लावलेस तर एप्रिल-मेमध्ये सरळ भाजून निघतील.

माळीबुवा_सातारा | ९ सप्टेंबर

रेवाताई बरोबर. पण आपल्याकडं हे अर्धंच लागू. सप्टेंबरात दमट आहे तोवर पाणी नकोच. पुढं ऑक्टोबर हीट सुरू झाली की गच्चीवरचं कोकोपीट दोन दिवसात खडखडीत होतं, तेव्हाही "थेंब नको" धरून बसलात तर कंद सुकून काटकी होईल. मूठभर कोकोपीट घट्ट दाबायचं, गोळा झाला पाहिजे पण बोटांतून पाणी सुटता कामा नये. एवढीच ओल. कमी वाटली तर कडेनं फवारा मारायचा, मानेवर नाही. भिजत घालणं तर विसराच.

निमिष_नाशिक | १० सप्टेंबर

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

हे सगळं उलटसुलट का होतं त्याचं मला सापडलेलं उत्तर लिहितो, जरा लांब आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, आता तिथलं राष्ट्रीय फूल आहे (१९६३ पासून). १७८९ च्या सुमारास माद्रिदच्या बागेत पोचला आणि १७९१ मध्ये काव्हानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँडर्स दाल या स्वीडिश माणसाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. आता गंमत बघा, मेक्सिकोतही पाऊस साधारण आपल्यासारखाच येतो, जून ते ऑक्टोबर, आणि हिवाळा कोरडा. म्हणजे तिथे झाड पावसात वाढतं, फुलतं, आणि कोरड्या हिवाळ्यात कंद जमिनीखाली झोपतो. कंद आहेच त्यासाठी, कोरडा काळ काढायला. पण तिथला पाऊस उंचावरचा, गार हवेतला, उताराच्या निचऱ्याच्या जमिनीतला. आपल्याकडे पठारावरचा पावसाळा उबदार, चिकचिकीत, त्यात झाड टिकत नाही, म्हणून आपण ते उचलून हिवाळ्यात लावतो. फुलं छान येतात, पण कंदाला झोपायला काय मिळतं तर मे महिन्याची भट्टी आणि त्यावर चार महिने पाऊस! जो कोरडा काळ काढायला बनलाय त्याला आपण पावसाळा काढायला लावतो. म्हणून तो कुजतो.

त्यामुळेच आपल्याकडच्या नर्सऱ्या बहुतेक कंदाच्या भानगडीत पडत नाहीत, आईझाडं शेडमध्ये जपतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून त्यांची कटिंग (कोंब कापून लावलेली रोपं) करून विकतात. तुम्ही डिसेंबरात आणता ती कुंडी बहुधा कटिंगचीच.

डोंबिवलीकर | १० सप्टेंबर

म्हणजे आपण मेक्सिकन पाहुण्याला मुंबईच्या जुलैत चटई टाकून देतो आणि झोप म्हणतो.

एक शंका, हे कंद खाता येतात का? उंदीर तर आवडीने खातात, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या कुंड्या उकरून सगळा फडशा पाडला.

निमिष_नाशिक | १० सप्टेंबर

खातात, मेक्सिकोत खायची जुनी पद्धत आहे. त्यात बटाट्यासारखा स्टार्च नसून इन्युलिन नावाचं तंतुमय कर्बोदक असतं. पण विकतच्या कंदांना बुरशीनाशक लावलेलं असू शकतं, तेव्हा प्रयोग नको. कुत्र्या-मांजरांनी झाड चघळलं तर त्यांना त्रास होतो, तेही बघा. उंदरांसाठी ट्रेवर तारेची जाळी. बोनमील (हाडांचा चुरा) घातलं की वासाने अजून उकरतात, तुमच्याकडे ते टाळलेलंच बरं.

शाल्मली_क | ११ सप्टेंबर

बियांपासून येतो का डेलिया? ऑनलाइन निळ्या डेलियाच्या बिया दिसतायत, फोटो कसले भारी आहेत.

माळीबुवा_सातारा | ११ सप्टेंबर

निळा डेलिया बाजारात मिळत नाही. "केनिया ब्लू" म्हणून कलम मिळतं ते जांभळं आहे, छान आहे, पण निळं नाही. तो फोटो रंगवलेला आहे, पैसे घालवू नका.

बियांपासून येतो, बुटके मिक्स रंग बियांवरच करतात आणि सोपेही असतात. फक्त आईसारखंच फूल येईल असं नाही. मोठ्या फुलाच्या झाडाचं बी लावलंत तर मोठं फूल येईल ही आशा सोडा. तंतोतंत तेच फूल हवं तर कंद नाहीतर कटिंग.

गच्चीवरची | २ ऑक्टोबर

अपडेट! बहुतेकांना कोंब आलेत, जांभळट हिरवे, इतके गोंडस की दर तासाला जाऊन बघते आणि नवरा हसतो. एका मोठ्या कंदाला मात्र काहीच नाही, घट्ट आहे, खाली पांढरी मुळं पण दिसतायत. आणि एकाला पाच-सहा कोंब एकदम आलेत, सगळे ठेवू का?

माळीबुवा_सातारा | २ ऑक्टोबर

मुळं आहेत आणि कोंब नाही म्हणजे आंधळा, डोळाच नसलेला कंद असू शकतो. सहा आठवडे झाल्यावरही काही नाही दिसलं तर कुंडी अडवून ठेवू नका.

पाच-सहा कोंबवाला तुमचं खरं भांडवल. दोन ठेवा, बाकीचे कटिंगला घ्या. कोंब तीन इंचाचा, पानांच्या दोन जोड्या झाल्या की धारदार ब्लेडने पेऱ्याच्या जरा खाली कापायचा, खालची पानं काढायची, ओल्या वाळूत नाहीतर कोकोपीटमध्ये खोचायचा. सावलीत ठेवा, वरून पारदर्शक डबा पालथा घाला, रोज थोडा वेळ उघडायचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. पोकळ झालेला जाड कोंब नको, भरीव असतानाच घ्या. मी तर म्हणतो विकतचा महागाचा कंद म्हणजे आईझाड समजायचं. तो एक कुजला तरी त्याची चार पोरं कुंडीत उभी असली पाहिजेत.

जर्सीची_रेवा | २ ऑक्टोबर

+१, "कॅफे ओ ले" या जातीचा एक कंद केवढ्याला पडतो बघितलंत तर कटिंग शिकावंच लागतं.

गच्चीवरची | ३ ऑक्टोबर

कुंडीचं राहिलंच की. आणि काठी कधी लावायची?

माळीबुवा_सातारा | ३ ऑक्टोबर

बुटक्यांना ८ इंची पुरते. मोठ्या फुलाला १२ इंची, त्याहून लहान नको, कंदाला जागा लागते आणि लहान कुंडी उन्हात तापते. मातीची असेल तर उत्तम. काळी माती अजिबात नको, पाणी धरते आणि वाळली की दगड. पोयट्याची माती दोन भाग, जुनं चाळलेलं शेणखत एक भाग, जाडी वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग, मूठभर निंबोळी पेंड. उंदरांचा त्रास नसेल तर दोन चमचे बोनमील. कुंडी पूर्ण भरू नका, अर्ध्याहून थोडी वर भरून लावा, झाड वाढेल तशी माती चढवत जा.

काठी लावतानाच, कंद ठेवायच्या आधी. नंतर खुपसलीत तर नेमकी कंदातून जाते, आणि तिथून कुजायला सुरुवात.

निमिष_नाशिक | ३ ऑक्टोबर

आणि उशीर करू नका, दसऱ्याच्या मागेपुढे मोठ्या कुंडीत गेलेच पाहिजेत. दिवस साधारण बारा तासांपेक्षा लहान झाला की डेलिया कंद भरायला घेतो. जर्सीत जूनमध्ये पंधरा तास उजेड, तिथे झाड आधी पोटभर वाढतं मग सप्टेंबरात कंद भरतं. आपल्याकडे डिसेंबरात जेमतेम अकरा तास, म्हणजे आपलं झाड वाढणं, फुलणं, कंद भरणं सगळं एकदम करतं. डिसेंबरात लावलेलं झाड वीतभर असतानाच कळी धरतं ते यामुळेच. कटिंगचा धंदा करणारे आईझाडांवर रात्री दिवे लावून दिवस चौदा तासांचा करतात.

डोंबिवलीकर | ३ ऑक्टोबर

सोसायटीच्या गच्चीवर रात्री दिवे लावले तर सेक्रेटरी आधी माझाच दिवस मोठा करतील. पास.

गच्चीवरची | २६ ऑक्टोबर

सगळे मोठ्या कुंडीत गेले. कटिंगपैकी निम्मी जगली. शेंडा खुडायचा म्हणतात तो कधी? हात होत नाहीये, एवढं छान झाड.

जर्सीची_रेवा | २६ ऑक्टोबर

पानांच्या चार जोड्या झाल्या की मधला शेंडा खुडून टाक, मनावर दगड ठेव. नाही खुडलास तर एकच दांडा ताडमाड वाढतो, एक फूल येतं आणि वाऱ्यात मोडतं.

माळीबुवा_सातारा | २७ ऑक्टोबर

बुटक्यांना खुडा. मोठ्या फुलाचं तुम्हाला काय हवं त्यावर आहे. प्रदर्शनाला नेणारे एका झाडावर एकच फूल किंवा फार तर तीन ठेवतात. घरच्यासाठी खुडा, तीन-चार फांद्या घ्या. पुढं प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतील, मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच काढायच्या. बुटक्यांना हे करत बसू नका, तिथं फुलांची गर्दीच छान दिसते.

शाल्मली_क | १५ नोव्हेंबर

माझं झाड (नर्सरीचं कटिंग) हिरवंगार, पानं तळहाताएवढी, पण कळीचा पत्ता नाही. दर आठवड्याला युरिया चिमूटभर घालतेय.

निमिष_नाशिक | १५ नोव्हेंबर

युरिया बंद करा, तेच कारण आहे. नत्र जास्त झालं की पाला माजतो, कंदही नीट टिकत नाही. सुरुवातीला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) लिटरला १-२ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. कळी दिसायला लागली की पालाशवालं, ०:०:५० तेवढंच. सेंद्रिय करायचं तर शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड चार-पाच दिवस भिजवून, दहापट पाणी घालून, तीही कळी येईपर्यंतच.

डोंबिवलीकर | १५ नोव्हेंबर

पेंडीचं पाणी करणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी संबंध आधी तपासून घ्यावेत. मोहरीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

गच्चीवरची | २८ डिसेंबर

पहिलं मोठं फूल उघडलं!!! पिवळं, ताटलीएवढं, फोटो टाकलाय. पण खालची पानं पिवळट ठिपक्याठिपक्यांची झालीत, मागे बारीक जाळं आहे.

माळीबुवा_सातारा | २८ डिसेंबर

फूल झकास. पानांवर लाल कोळी आहे, गच्चीवर कोरड्या हवेत येतोच. खालची दोन-तीन जोड पानं काढून पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन-चार दिवस, सकाळी. मग कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. साधं कीटकनाशक मारू नका, त्यानं कोळी मरत नाही, त्याला खाणारे किडे मात्र मरतात. फुलावर फवारा नको, डाग पडतात.

आणि पानांवर पिवळे-हिरवे पट्टे, शिरांलगत फिकट, झाड खुरटलेलं असं दिसलं तर तो व्हायरस. त्याला औषध नाही. ते झाड कंदासकट टाका, त्याचं कटिंग घेऊ नका आणि तेच ब्लेड दुसऱ्या झाडाला लावू नका.

शाल्मली_क | ३० जानेवारी

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन आले. डेलियांपुढून हलवेना. युरिया बंद केल्यावर माझ्याही झाडाला कळ्या आल्यात बरं का.

गच्चीवरची | ९ मार्च

आता शेवटचा प्रश्न. फुलं लहान आणि मध्यभागी उघडी यायला लागलीत, पानं वाळतायत. कंद कसे ठेवू? रेवा, तू काय करतेस?

जर्सीची_रेवा | ९ मार्च

आमच्याकडे ऑक्टोबरात फ्रॉस्टने पाला काळा पडतो, मग खणून, धुऊन, वाटून व्हर्मिक्युलाइटमध्ये (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे) बेसमेंटला, ५ ते १० डिग्री. तुझ्याकडे ती सोय कुठली. फ्रिजचा भाजीचा कप्पा चालू शकतो पण सफरचंद-केळ्यांसोबत नको, त्यांच्या गॅसने कंद बिघडतात.

गच्चीवरची | ९ मार्च

भाजीचा कप्पा सहा महिने?? सासूबाई मलाच त्यात ठेवतील.

माळीबुवा_सातारा | १० मार्च

फ्रिज राहू दे. दोन वाटा करा, सगळी अंडी एका टोपलीत नकोत.

बुटक्यांच्या कुंड्यांचं पाणी हळूहळू कमी करत बंद करा, खोड चार इंचावर कापा, पोकळ खोडात पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला मेण किंवा फॉइल लावा. कुंडी तशीच आडवी करून घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या कोपऱ्यात. खणू नका, मातीत कंद कमी सुकतात. महिन्यातून एकदा कडेनं अर्धा पेला पाणी, मे महिन्यात दोनदा. जून आला की पावसाचा एक थेंब लागू द्यायचा नाही, गच्चीवर ठेवायच्याच नाहीत. वाटण्याचं काम आत्ता करू नका, डोळे दिसत नाहीत, ऑगस्टात फुगले की मग प्रत्येक कंदाची मान बघून कापा.

ज्या मोठ्या फुलाचा जीव लागलाय त्याचं आत्ता खालून फुटणारे कोंब घेऊन कटिंग करा आणि ती लहान कुंडीत फक्त जिवंत ठेवा, सकाळचं ऊन, दुपारी हिरवी नेट, पावसाळ्यात छपराखाली. फूल येऊ द्यायचं नाही, कळी दिसली की खुडा. ऑगस्टात त्याच्यावरूनच पुढची कटिंग. कंद कुजलाच तर हे झाड असतं.

डोंबिवलीकर | १० मार्च

गच्चीवरची, ते पिवळं ताटलीवालं, त्याचं एक कटिंग ऑगस्टात मिळेल का? बदल्यात माझ्याकडे "केनिया ब्लू" आहे, जांभळा, बुवांच्या साक्षीने.

गच्चीवरची | १० मार्च

हो की, नक्की. पुण्याला येणार असाल तर घेऊन जा, कुरियरने पाठवायची माझी हिंमत नाही. व्यक्तिगत निरोप केलाय.